कार्ड कुठल्या स्टेटचं?

अठ्ठावीस वर्षं मी आखातात दुसऱ्यांची नावं टाइप केली. सुरुवातीला दुबईत, करामातल्या एका दुकानात, आणि नंतरची बरीचशी वर्षं शारजात, अल मजाजच्या उंच इमारतींच्या मागच्या गल्लीत. आमच्या दुकानांना तिथे टायपिंग सेंटर म्हणतात. सुट्टीत वसईला आले की चर्चबाहेर बायका विचारायच्या, "मोनिका, अजून टायपिंगच करतेस? तुमच्याकडे कॉम्प्युटर नाही का आले?" त्यांना वाटायचं मी टाइपरायटर बडवत असते.

काम असं असतं. तिथे राहायचं तर माणसाला सारखे अर्ज करावे लागतात. व्हिसा, ओळखपत्र, लेबर कार्ड, हेल्थ कार्ड, बाळ झालं की बाळाचा व्हिसा. आता सगळं ऑनलाइन आहे, घरबसल्या भरा म्हणतात. पण एक अक्षर चुकलं की अर्ज परत येतो, आणि कधीकधी त्या परत आलेल्या अर्जापायी नोकरी लांबते, बायको विमानतळावर अडकते. म्हणून लोक आमच्याकडे येतात. आम्ही पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं उतरवतो, फोटो चढवतो, अरबी भाग अरबीवाल्याकडे देतो. आमच्याकडे अरबी टायपिंगला शाजी होता, केरळचा. मला तो चेची म्हणायचा, म्हणजे ताई. फोटोमागची भिंत पांढरी लागते आणि लोक नेमका पांढरा शर्ट घालून येतात, म्हणून शाजीचा एक काळा शर्ट आमच्या दुकानात कायम खुंटीला असायचा. शारजात किती क्रेन ऑपरेटर, किती अकाउंटंट आणि किती नवरदेव त्या एकाच शर्टात ओळखपत्रावर आहेत, याची मोजदाद नाही.

एका गोष्टीचा मला अभिमान आहे, तो सांगून टाकते. कुठल्याच चौकटीत मी जाणूनबुजून खोटं भरलं नाही. लोक विनवायचे, "मॅडम, वय दोन साल कम लिखो, कौन देखता है." मी म्हणायचे, मी बघते.

बाकी गोंधळ रोजचाच. एका गृहस्थांच्या पासपोर्टवर फक्त एकच नाव होतं, आडनावाची जागा कोरी. अर्ज आडनाव मागत होता. मी विचारलं, "सरनेम क्या है?" ते म्हणाले, "वही तो नाम है." मग नाव विचारलं, तर म्हणाले, "वही तो सरनेम है." अर्धा तास आम्ही दोघं तिथेच फिरत राहिलो. पण मी इतकी गोंधळले, इतकी घाबरले आणि नंतर स्वतःवर इतकी रागावले अशी गोष्ट एकच. ती टिपणीस काकांची.

दुपारी तीनचा सुमार होता. गल्लीत ऊन रणरणत होतं आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. सत्तरीचे एक गृहस्थ दार ढकलून आत आले. इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र जाड मोजे आणि मऊ बूट. त्या उन्हात मोजे बघून मला नवल वाटलं. पाऊल ते असं टाकत होते, जणू फरशी ओली आहे.

"मराठी बोलता ना आपण? वॉचमन म्हणाला."

"बोलते की. बसा अंकल."

बसून त्यांनी निळी प्लॅस्टिकची फाइल मांडीवर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मेडिकल कार्ड रिन्यू करायचंय. ऑनलाइन होतं म्हणे."

"होतं ना. जुनं कार्ड आणलंय?"

"कार्ड नाही आणलं. कॉपी आहे."

"कुठल्या स्टेटचं?" मी विचारलं. तिथे आम्ही अमिरातीला स्टेट म्हणतो. शारजाचं वेगळं, दुबईचं वेगळं.

त्यांनी एका स्टेटचं नाव सांगितलं. सात अमिराती मला तोंडपाठ, पण हे नाव त्यात नव्हतं. मला वाटलं, फ्री झोनचं असेल. "हमरियाच्या बाजूला आहे का?"

"नाही हो. न्यूयॉर्कच्या बाजूला."

मी हसले, तेही हसले. मग कळलं की गृहस्थ अमेरिकेत राहतात आणि व्हिजिट व्हिसावर मुलीकडे आलेत. मुलगी पहिल्यांदा बाळंत झालेली. अमेरिकेचा फॉर्म मी कधी भरला नव्हता, पण फॉर्म तो फॉर्म. त्यांच्याकडे एका ईमेलचा छापील कागद होता. तुमच्या कार्डाची मुदत संपत आहे, अमुक पानावर जाऊन नूतनीकरण करा, डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोला. कॉलची वेळ त्याच संध्याकाळी सहाची होती, तिथले सकाळचे दहा. मी पान उघडलं.

नाव भरलं. अरविंद टिपणीस. जन्मतारीख भरली. पुढे "पात्र आजार" अशी चौकट आली. मला वाटलं, इन्शुरन्सचा काहीतरी प्रकार. त्यांनी एक लांबलचक शब्द सांगितला, मी अक्षरं जुळवली. त्याखाली, तुम्ही औषध कुठल्या रूपात घेता, याचे पर्याय होते. तेल, गोळी, वाफ, फूल.

"अंकल, औषधात फूल कसलं?"

मी पान वर सरकवलं आणि मथळा पहिल्यांदा नीट वाचला. एक इंग्रजी शब्द अडला. बाजूच्या टेबलाकडे वळून मी मोठ्यानं विचारलं, "शाजी, कॅनाबिस मतलब क्या?"

शाजीची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तो उठला, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "चेची, बंद करो. अभी बंद करो."

टिपणीस मान खाली घालून मराठीत म्हणाले, "गांजा. पण डॉक्टरांनी दिलेला. हे कार्ड असलं की तिथे कायद्यानं चालतो."

आखातात न राहिलेल्या वाचकाला माझ्या छातीत काय झालं ते कळायचं नाही. त्या देशात हा शब्द दुकानात मोठ्यानं उच्चारत नाहीत. साधी खोकल्याची, झोपेची काही औषधं आणायची असली तरी आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो. असे अर्ज मी शेकड्यानं भरलेत, त्यामुळे काय चालतं आणि काय मुळीच चालत नाही ते मला ठाऊक होतं. हे मुळीच न चालणाऱ्यातलं. पण दुसऱ्या देशाच्या सरकारचा फॉर्म नुसता उघडला तर तो गुन्हा होतो का? भरला तर? अर्धा भरला तर? काहीच कळेना. आजही मला त्याचं नक्की उत्तर माहीत नाही.

"तुमच्याजवळ आहे का काही?" मी कुजबुजले.

"देवाशप्पथ नाही. सगळं तिथेच ठेवून आलो. अडीच महिने काही घेतलेलं नाही."

माझा विश्वास बसला की नाही, तेही मला तेव्हा कळलं नाही. मी कॉम्प्युटर सरळ मुख्य बटणानंच बंद केला आणि म्हणाले, "खलास, अंकल. हे काम इथे होत नाही. उठा तुम्ही."

"मला फक्त कॉलपुरतं बसू द्या, बाई. तो डॉक्टर विचारेल तुम्ही राज्यातच आहात का, मी हो म्हणेन, संपलं. पाच मिनिटं."

"उठा म्हटलं ना!"

वडिलांच्या वयाच्या माणसावर मी असा आवाज चढवला. टेबलाला धरून ते उठले. दाराची मूठ त्यांना लगेच सापडली नाही, दोनदा हात घसरला. मी जागेवरून हलले नाही.

ते गेल्यावर दहा मिनिटांनी शाजीला निळी फाइल दिसली. माझ्या टेबलावरच राहिली होती.

खरं सांगायचं तर मी ती परत द्यायला गेले ते दयेपोटी नाही. ते कागद दुकानात ठेवायची माझी हिंमत नव्हती, आणि कचऱ्यात टाकवत नव्हते, कारण आत माणसाच्या पासपोर्टची प्रत होती. व्हिसाच्या प्रतीवर मुलीचा पत्ता होता, चार इमारती सोडून. साडेपाचला मी फाइल पर्समध्ये कोंबली आणि निघाले.

दार मुलीनं उघडलं. तिशीची, केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर दुपटं. मी टायपिंग सेंटरमधून आले म्हटल्यावर ती म्हणाली, "अरे वा, घरी येतात तुम्ही लोक? सागरनं सांगितलं वाटतं. बेबीच्या व्हिसाचं ना?"

मी ना हो म्हणाले ना नाही. आत जाऊन बसले.

ती मैथिली. नवरा सागर हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात कामाला, यायला सात वाजायचे. बाळाची कागदपत्रं माझ्यापुढे ठेवता ठेवता ती बोलायला लागली. बाळंतपणात घरी एकटं पडलेलं माणूस कुणाशीही बोलतं. "बाबा आलेत अमेरिकेहून. आई नाही ना मला, म्हणून मुद्दाम बोलावलं. पण आंटी, त्यांना इथे करमतच नाही. सारख्या येरझाऱ्या घालतात. आणि बाळाला घेतच नाहीत हो. एकदासुद्धा नाही. मी पुढे केली की म्हणतात, राहू दे, झोपलीय. जागी असली तरी झोपलीय म्हणतात." तिचे डोळे भरले. "मुलगा हवा होता की काय त्यांना, कोण जाणे."

आतून बाळ रडलं, तशी ती उठून गेली. त्याच वेळी समोरच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि टिपणीस दिसले. मला बघून ते पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, मी मुलीला सांगायला आले. मी पर्समधून फाइल काढून दाखवली. त्यांनी मला खुणेनं आत बोलावलं.

खोलीत मुलीचा जुना लॅपटॉप उघडा होता. सहाला आठ मिनिटं. कॉलचा क्रमांक फाइलमधल्या कागदावर असल्यामुळे त्यांना आत शिरता येत नव्हतं. एकेक की दाबायला त्यांना तीन-तीन प्रयत्न लागत होते. बोट एका अक्षरावर जायचं आणि पडायचं दुसऱ्याच.

"हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"चार वर्षांपूर्वी आतड्याचा कॅन्सर. तो गेला. पण किमोनं हातापायांच्या नसा जाळल्या. तळव्यांची आग होते, आणि बोटांना काही लागत नाही. कप धरलाय की सुटलाय ते बघितल्याशिवाय समजत नाही मला." ते थांबले. "त्या औषधानं तिथे आग कमी व्हायची, चार तास झोप लागायची. मैथिलीला ऑपरेशन माहितीय. पुढचं नाही सांगितलं. काय सांगू? बाप गांजा घेतो?"

"म्हणून बाळाला घेत नाही?"

"सुटलं हातातून तर?"

घरी आता पंधरा दिवसांत परतायचं, पण कार्ड संपलं की सगळं पहिल्यापासून करावं लागेल, महिना जाईल, आणि तो महिना आपल्याच्यानं काढवणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते खोटं बोलणार होते ते या महिन्यासाठी. मी उठून जायला हवं होतं. पण समोर कोऱ्या चौकटी दिसल्या की माझे हात थांबत नाहीत. मी क्रमांक टाकला.

पडद्यावर एक तरुण डॉक्टर आला, मागे त्याचं स्वयंपाकघर दिसत होतं. हसतमुख माणूस. दुखणं कसं आहे, झोप कशी आहे, विचारलं. टिपणीस इंग्रजीत उत्तरं देत होते. मी पडद्याबाहेर भिंतीला चिकटून उभी.

मग तो म्हणाला, "नियमाप्रमाणे विचारावं लागतं. आत्ता या क्षणी तुम्ही आपल्या राज्यातच आहात ना?"

टिपणीसांनी तोंड उघडलं. आणि दारात मैथिली उभी होती, खांद्यावर बाळ. रडणं ऐकून डॉक्टर म्हणाला, "अरे, घरात छोटं बाळ आहे वाटतं!"

टिपणीसांनी मान वळवून नातीकडे बघितलं. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "हो. माझी नात आहे. ती शारजात राहते. मी शारजात आहे, डॉक्टर."

डॉक्टरचा चेहरा बदलला. रागावला नाही तो. म्हणाला, "मग मला हे प्रमाणपत्र देता येणार नाही. परत आलात की नव्यानं अर्ज करा. आणि सर, कॅनाबिसचं काहीही तुमच्यासोबत तिथे नाही ना?"

"नाही."

कॉल संपला. मैथिलीनं शेवटचा शब्द ऐकला होता.

"बाबा, तो काय म्हणाला? कॅनाबिस?" तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही कोण आहात नक्की?"

मी सांगायला लागले, टिपणीस सांगायला लागले, बाळ आणखी जोरात रडायला लागलं. कोण कुणाला काय सांगतंय ते कुणालाच कळेना. कॅन्सर, कार्ड, नसा, टायपिंग सेंटर, सगळं एकत्र. तिला एवढंच समजलं की बाप ते घेतो. बाळ तिनं माझ्या हातात दिलं आणि कपाटावरची बॅग ओढून खाली पाडली.

"मॅथी, काही नाही त्यात."

"माझ्या घरात बाळ आहे, बाबा! सागरची नोकरी आहे! तुम्हाला कळतंय का?"

शर्ट, स्वेटर, गोळ्यांच्या पाकिटांची थप्पी. तिनं एकेक कप्पा उलटा केला. तळाशी स्टीलची छोटी डबी निघाली. उघडली तर आत लाल-पिवळ्या मऊ गोळ्या, लहान मुलांच्या जेलीसारख्या. तिथे असल्या गोळ्यांतूनही ते औषध मिळतं, हे मी दुपारी त्या फॉर्मवरच वाचलेलं. मैथिलीलाही ते माहीत असावं.

"व्हिटॅमिन डी आहे गं ते," टिपणीस म्हणाले. "बाटली मोठी होती म्हणून डबीत भरल्या."

आम्ही तिघं त्या डबीकडे बघत उभे. बघून काही कळण्यासारखं नव्हतं. वास घेतला, संत्र्याचा आला. टिपणीस म्हणाले, "खाऊन दाखवतो," तशी ती किंचाळली, "हात लावू नका!" ती डबी घेऊन बाथरूममध्ये गेली आणि फ्लशचा आवाज आला. पुन्हा आला. टाकी भरायची वाट बघून तिसऱ्यांदा आला.

ते व्हिटॅमिनच होतं असं मी मानते. पण शपथ घ्यायला सांगाल तर घेणार नाही.

बाहेर आली ती रडतच. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, गिऱ्हाइकानं न विचारलेलं सांगितलं. "मैथिली, त्यांच्या बोटांना काही लागत नाही. बाळ हातातून सुटेल म्हणून घाबरतात ते. म्हणून घेत नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग बापाच्या हातांकडे. जवळ जाऊन तिनं त्यांचा तळहात आपल्या हातात घेतला आणि बोटाचं टोक दाबलं. "हे कळतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"हे?" तिनं मनगटाच्या वर दाबलं.

"हं. हे कळतंय."

तिनं त्यांना पलंगावर बसवलं, पाठीला लोड दिला, मांडीवर उशी ठेवली आणि माझ्याकडून बाळ घेऊन त्यांच्या कोपरांच्या घडीत ठेवलं. "इथे कळतंय ना? मग इथे धरा." टिपणीस श्वास रोखून बसले होते. बाळ दोन मिनिटं कुरकुरलं आणि गप्प झालं.

मी चपला घालून निघाले. मला कुणी थांब म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी मैथिली त्यांना तिथल्याच एका दुखण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जायच्या आधी तिनं मला दुकानात फोन केला, "आंटी, डॉक्टरांना खरं सांगायचं का?" मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. तिनं सांगितलं. तो डॉक्टर म्हणे शांतपणे ऐकत राहिला, तिकडचं इथे चालणार नाही एवढं बजावलं आणि नसांच्या दुखण्याचं इथे चालणारं दुसरं औषध लिहून दिलं. त्यानं आग पूर्ण गेली नाही. पण सलग तीन तास झोप लागली, असं टिपणीस काकांनीच मला सांगितलं, जायच्या दोन दिवस आधी दुकानात आले तेव्हा.

त्यांना बघून शाजी उठून उभाच राहिला. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू. पण ते खुर्चीवर टेकत म्हणाले, "आज तसलं काही नाही. माझ्या तिकडच्या हॉस्पिटलचा कागद आहे. हा बघा."

मी आधी मथळा तीनदा वाचला. मग माफी मागायला तोंड उघडलं. त्या दिवशी मी उठा म्हणाले, ते मला टोचत होतं. त्यांनी हातानंच थांबवलं. "तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. टाइप करा."

साधा एकपानी फॉर्म होता. तुमच्या आजाराची माहिती कुणाला द्यायची, त्या व्यक्तीचं नाव आणि नातं. जुन्या प्रतीवर त्या जागी त्यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं, "कोणी नाही". अक्षर वळणदार होतं. तेव्हा बोटं शाबूत असणार.

"नाव?" मी विचारलं.

"मैथिली. एम, ए, आय. नीट बघा हं, लोक एम-वाय लिहितात."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवर एकेक अक्षर वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"आणि नातं?"

"मुलगी," ते म्हणाले, आणि मी ते टाइप करून होईपर्यंत स्क्रीनकडे बघत राहिले.